कावळा शिवेना

शौनकच्या कानात इयरफोन होते आणि डोळ्यांसमोर मोबाइल, त्यामुळे समोर बसलेले वडील त्याला अर्धेमुर्धे दिसत होते आणि अजिबात ऐकू येत नव्हते. वसंतराव पोह्यांची बशी हातात धरून मघापासून बोलत होते.

"उंबरगव्हाणला चाललायस ना? मग मलाही ने. धुरपताबाईंचा दहावा आहे आज. नदीवर वेळेत पोचायला पाहिजे. एसटीच्या नादी लागलो तर कावळे जेवून जातील आणि मी तेर गावच्या स्टँडवर उभा असेन."

शौनकनं मान हलवली. घरात कुठल्याही बोलण्यावर तो हीच मान हलवायचा. त्याच्या आईनं, शामलाबाईंनी, एकदा मुद्दाम "आज आमटीत साबणाचा चुरा घातलाय" असं सांगून बघितलं होतं. तेव्हाही मान हललीच होती, आणि वर त्यानं आमटी मागून घेतली होती.

"ऐकलं नाही त्यानं," शामलाबाई म्हणाल्या.

"गाडीवर बसलो की कळेल. मागं वजन वाढेल ना," वसंतराव म्हणाले आणि पिशवीत दर्भ, तीळ भरायला उठले. आयुष्यभर तुळजापुरात त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर घराण्याचं पौरोहित्य पुन्हा हातात घेतलं होतं, आणि आसपासच्या बऱ्याच गावांतली माणसं त्यांनी आधी वर्गात बसवली होती आणि आता पाटावर बसवत होते.

शौनकचं लक्ष आदल्या दिवशीच्या फोनमध्ये अडकलं होतं. तो इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर. पुण्यातल्या एका खाजगी कंपनीसाठी ड्रोन उडवून गावोगावच्या घरांचे नकाशे करायचा. काम इतकं चोख की कंपनीतली जुनी माणसंसुद्धा अडलं की त्याला विचारायची. वारा, ऊन, उंची, सगळ्याचा हिशेब त्याच्या बोटांवर असे. माणूस समोर आला की मात्र त्याचा हिशेब चुकायचा. त्याच्या वरिष्ठ देवश्री मॅडम फोनवर तेच म्हणाल्या होत्या.

"तुझे नकाशे मी नव्या मुलांना दाखवते, शौनक. पण मागच्या गावात तू एका म्हाताऱ्या माणसाला म्हणालास, तुम्ही फ्रेममध्ये येताय, सरका."

"बाज सरकवा म्हणालो होतो, मॅडम. ते बाजेवर होते."

"ते आजारी होते."

देवश्री मॅडमनी पुढं सांगितलं, की उंबरगव्हाणचा नकाशा एका भिंतीपाशी अडलाय. तो सुटला तर शौनकला नोकरीत कायम करायचं. नाही सुटला तर पुढच्या महिन्यापासून त्या दुसरा माणूस बघणार. "आणि गेल्या गेल्या उडवू नकोस. आधी गावात बस. चहा पी. चार माणसांशी बोल. मग विचारून उडव."

"चहानं भिंत कशी सुटेल, मॅडम?"

"तेच तुला कळावं म्हणून पाठवतेय," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला होता.

भिंतीचं प्रकरण असं होतं. उंबरगव्हाणात रणधीर आणि अमरसिंह असे दोघे सख्खे भाऊ. थोरला रणधीर गावचा सरपंच. वाटण्या झाल्या तेव्हा दोघांनी मिळून अंगणात मधोमध एक भिंत घातली, आणि दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. नंतर बोलणं बंद. मोजणीच्या वेळी कंपनीनं सांगितलं, की ज्यानं त्यानं आपली हद्द चुन्यानं आखून ठेवावी, म्हणजे ड्रोनला वरून दिसेल. रणधीरनं भिंतीपलीकडे हातभर आत जाऊन, अमरच्या बाजूला चुना टाकला. दुसऱ्या दिवशी अमरनं भिंतीअलीकडे, रणधीरच्या बाजूला टाकला. फोटोत एका भिंतीला दोन पांढऱ्या रेषा आल्या. शौनकचं मत होतं, की दोन्ही रेषांची सरासरी काढून मोकळं व्हावं. तसं त्यानं दोघांना फोनवर कळवलंही होतं. त्यानंतर दोघांनी आपापल्या रेषेवर आणखी एकेक पोतं चुना ओतला.

गाडीवर मागं वजन वाढलं तेव्हा वडील आल्याचं शौनकला समजलं. उंबरगव्हाणपर्यंत वसंतराव त्याच्या पाठीशी बोलत राहिले. धुरपताबाई ही त्या दोघा भावांची आई. एक महिना थोरल्याकडे जेवायची, एक महिना धाकट्याकडे. भिंतीला दार नव्हतं, म्हणून महिना बदलला की वळकटी काखेत मारून गल्लीतून वळसा घालून जायची. हे सगळं वसंतरावांनी सांगितलं. शौनकच्या हेल्मेटच्या आत इयरफोन होते आणि इयरफोनमध्ये ड्रोनच्या नव्या कॅमेऱ्याची माहिती सांगणारा एक माणूस होता.

वेशीपाशी दोघं उतरले. "या गुरुजी, वाटच बघत व्हतो," म्हणून दोन माणसं वसंतरावांची पिशवी घेऊन नदीच्या वाटेला लागली. बाबांचं इथं काहीतरी काम असावं असं शौनकला वाटलं. कसलं, हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

गाव रिकामं होतं. एरवी लोकांची डोकी, गुरं आणि वाळत घातलेली गोधडी फोटोत येतात म्हणून वैतागणाऱ्या शौनकला ते बघून फार बरं वाटलं. देवश्री मॅडमचं बोलणं आठवून तो चहाच्या हॉटेलापाशी गेला. हॉटेल बंद. चहा पिणं शक्य नाही आणि बोलायला माणूस नाही, म्हणजे सूचनांचं पालन झालं, असं त्यानं ठरवलं. सरपंचांना 'आज ड्रोन उडवतोय' असा मेसेज सकाळीच टाकलेला होता. आता उडवायला हरकत नव्हती.

एक माणूस मात्र होता. वेशीजवळच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर खाजाभाई बसले होते. गावात कुणाचाही दहावा असला की ते त्या दिवशी गिरणी बंद ठेवत. ड्रोनची पेटी उघडलेली बघून ते उठून जवळ आले.

"साहेब, आज नदीकडं नका सोडू ते."

"खूप उंचावर असतं हो. माणसांना काही होत नाही."

"माणसांचं न्हाय म्हणत मी."

तेवढ्यात हातातलं यंत्र वाजलं, ड्रोनला वाट दाखवणारे उपग्रह सापडले, आणि शौनकनं पाठ फिरवली. खाजाभाईंनी पुढचं वाक्य तोंडातच ठेवलं आणि ते पायरीवर जाऊन बसले. त्यांचं वय आता यंत्रावर आवाज चढवण्याचं राहिलं नव्हतं.

इकडे तेरणा नदीच्या काठावर विधी उरकत आला होता. दोन्ही भावांचे गोटे केलेले, दोघं पिंडाच्या दोन बाजूंना, मध्ये वसंतराव. भाऊबंद बाभळीच्या सावलीला बसले होते, आणि बाभळीवर कावळे. सकाळपासून ते शहाण्या पाहुण्यांसारखे येऊन बसले होते, त्यामुळे आज वेळ लागणार नाही असं सगळ्यांनाच वाटत होतं. वसंतरावांनी खडकावर पिंड ठेवायला लावला, सगळ्यांना मागं सरकवलं आणि हात जोडले. एक कावळा खालच्या फांदीवर आलासुद्धा.

त्याच वेळी आकाशात गुंगुं असा आवाज सुरू झाला. बाभळ हलली आणि सगळे कावळे एकदम उठून पैलतीराला गेले.

"आग्यामोहोळ उठलंय का काय कुठं," कुणीतरी म्हणालं. उन्हात वर बघवत नव्हतं, आणि अशा वेळी माणसं खालीच बघतात.

बराच वेळ गेला. धुरपताबाईंचे धाकटे भाऊ मल्लिनाथमामा शेवटी खाकरले. "अक्काचं काय तरी मनात ऱ्हायलंय. बोला बाबांनो."

मग बोलणं सुरू झालं. लेकीला दिवाळीला साडी-चोळी करू. कावळा आला नाही. अक्काची शेळी विकणार नाही, म्हातारी होईस्तोवर दावणीला राहील. नाही आला. मिशरीची डबी तिच्याबरोबर द्यायची राहिली, ती नदीत सोडू. एकजण मागच्या वाटेनं गावात जाऊन डबी घेऊन आला, डबी सोडली. ती बुडेना. पाण्यावर तरंगत भोवरा घेत तिथंच राहिली, तेव्हा दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

वसंतरावांना मात्र आवाज ओळखीचा वाटत होता. दर रविवारी त्यांच्या गच्चीवर तो असायचा. शामलाबाईंचे सांडगे याच आवाजाखाली वाळत. त्यांनी कपाळावर हात धरून वर बघितलं आणि ड्रोन ओळखला. ज्या कावळ्याला ते मंत्र म्हणून बोलावत होते, त्याला त्यांचाच मुलगा वरून हाकलत होता.

ते लघवीच्या निमित्तानं बाजूला गेले आणि त्यांनी शौनकला फोन लावला. वेशीपाशी शौनकच्या हातातल्या पडद्यावर, बरोबर सरपंचांच्या छपरावर 'बाबा' असं नाव उमटलं. त्यानं ते बोटानं सारून टाकलं. पुन्हा उमटलं, पुन्हा सारलं. उड्डाण चालू असताना फोन घेऊ नये असा नियमच होता, आणि नियम तो काटेकोर पाळायचा.

थोड्या वेळानं गुंगुं थांबलं. शौनकनं बॅटरी बदलायला ड्रोन खाली घेतला होता. नदीवर एक कावळा पैलतीरावरून निघाला, हळूहळू आला, खडकावर उतरला. दोन उड्यांत तो पिंडापाशी पोचला. अमरसिंहचे ओठ हलायला लागले. आणि भरलेली बॅटरी घेऊन आवाज पुन्हा वर चढला. कावळ्यानं मान वाकडी करून आकाशाकडं बघितलं आणि तो उडाला.

"आली व्हती गं माय, आली व्हती आन् मागं फिरली," मागं बसलेली लेक रडायला लागली.

आता मात्र सगळ्यांच्या माना हळूहळू त्या दोघा भावांकडं वळल्या. शेळी झाली, साडी झाली, डबी झाली. राहिलं होतं काय ते सगळ्या गावाला माहीत होतं.

मल्लिनाथमामांना उन्हाचा त्रास व्हायला लागला होता. ते वसंतरावांना हळूच म्हणाले, "गुरुजी, दर्भाचा कावळा करा आन् मोकळं करा सगळ्यांना. चालतंय ते."

चालत होतं. शास्त्रात तशी सोय होती आणि दर्भ पिशवीत होता. दोन गाठी मारल्या की काम झालं असतं, आणि आपल्या मुलाचा पराक्रमही झाकला गेला असता. वसंतरावांनी दर्भ हातात घेतला. मग त्यांनी रणधीरकडं बघितलं. रणधीर खडकाकडं बघत नव्हता, भावाच्या पायांकडं बघत होता. वसंतरावांनी दर्भ पुन्हा पिशवीत ठेवला.

"थांबू थोडं," ते म्हणाले. "धुरपताबाईंना कधी घाई नव्हती."

पाणी वाहत होतं. डबी अजून भोवऱ्यात फिरत होती. रणधीरनं घसा साफ केला. ग्रामसभेत माइकशिवाय बोलणारा माणूस, पण आवाज फुटेना.

"आई," तो म्हणाला. "तू वळकटी घेऊन गल्लीनं फिरून जायचीस. पावसापाण्याचं बी जायचीस. म्या दारात बसून बघायचो. मला दिसायचं सगळं." तो थांबला. "भिंत पाडतो म्या."

अमरसिंह खाली बसला. गुडघ्यात तोंड घालून म्हणाला, "आधी चुना म्याच टाकलाय, आई. दादाच्या अंगणात घुसून टाकलाय."

"न्हाय, आधी म्या टाकला."

"म्या टाकला दादा. तू दुसऱ्या दिशी टाकला."

"गप. थोरला म्या हाय. आधी म्याच टाकला."

"आरं आता ह्याच्यावरून नका भांडू," मल्लिनाथमामा कळवळून म्हणाले.

दोघं एकमेकांकडं बघायला लागले. कित्येक वर्षांत ते एकमेकांशी जेवढं बोलले नव्हते तेवढं आत्ता बोलून झालं होतं. रणधीरनं हात पुढं केला. अमरनं तो धरला आणि मग त्याला काही उठता येईना, म्हणून रणधीरच खाली बसला.

वेशीपाशी शौनक पडद्यावर नदीकाठचा पट्टा तपासत होता. काठावर पांढरे ठिपके दिसले म्हणून त्यानं चित्र मोठं केलं. ठिपक्यांची धोतरं झाली. दोन गोटे केलेली डोकी एकमेकांजवळ होती. मध्ये खडक, खडकावर काहीतरी पांढरं. बाजूला हात जोडून उभे असलेले त्याचे वडील. आणि पैलतीराच्या झाडावर काळ्या ठिपक्यांची दाटी. शौनक पुजाऱ्यांच्या घरात जन्मलेला होता. हा देखावा त्याला यंत्रानं समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यानं कानातले इयरफोन काढले. गाव किती शांत आहे हे त्याला तेव्हा ऐकू आलं.

"कावळे," तो म्हणाला.

"तेच म्हणत व्हतो मी," पायरीवरून खाजाभाई म्हणाले.

शौनकला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. परीक्षेत पेपर चुकला तर तो पुन्हा देता येतो. एखाद्याच्या आईचा दहावा पुन्हा करता येत नाही. त्यानं ड्रोन खाली घेतला, पेटी तिथंच टाकली आणि तो नदीकडं पळत सुटला. वाटेत त्यानं ठरवलं, की सगळं खरं सांगायचं. माणसांशी बोल, असं मॅडम म्हणाल्याच होत्या. नोकरी जाईल, मार बसेल, बाबांची मान खाली जाईल. पण सांगायचं.

तो पोचला तेव्हा कावळा नुकताच शिवून गेला होता. माणसं उठून उभी राहिली होती, डोळे पुसत होती, एकमेकांना धरत होती. मल्लिनाथमामा आकाशाकडं हात जोडून म्हणत होते, "अक्का, एवढ्या भिंतीसाठी अडलीस व्हय गं." दोन्ही भाऊ अजून खालीच बसले होते.

"मला एक सांगायचंय," शौनक धापा टाकत म्हणाला.

सगळे वळले. वसंतरावांनी मुलाच्या चेहऱ्याकडं एकदा बघितलं आणि त्यांना कळलं, की हा आता खरं बोलणार. आयुष्यात पहिल्यांदा माणसांशी बोलायला आला होता आणि नेमक्या ह्या घटकेला.

"आधी बूट काढ," ते म्हणाले.

शौनक वाकून नाडी सोडायला लागला. नाडीला गाठ बसली होती. ती सुटेपर्यंत त्याला समोरच्या माणसांकडं बघावंच लागलं. रणधीरच्या नव्यानं भादरलेल्या डोक्यावर उन्हानं लाल चट्टे उठले होते. अमरसिंह भुवया पिकत आलेला माणूस, पण त्यानं भावाची बाही लहान पोरासारखी मुठीत धरली होती. लेक त्या दोघांकडं बघत होती आणि तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. शौनकनं दुसरा बूट काढला. तोंडाशी आलेलं वाक्य त्यानं पुन्हा एकदा मनात म्हणून बघितलं. ते शंभर टक्के खरं होतं. ते बोललं की भिंत आहे तिथं राहणार, हेही त्याला आता दिसत होतं.

"बोला की," मल्लिनाथमामा म्हणाले.

"वाईट झालं," शौनक म्हणाला. "मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. पण वाईट झालं."

"बस लेकरा," मामा म्हणाले आणि त्यांनी आपल्या शेजारची जागा हातानं झाडून दिली. शौनक बसला. माणसांच्या मध्ये बसणं त्याला पहिल्यांदाच अवघड गेलं नाही.

दुपारी रणधीरच्या अंगणात दोन्ही घरच्या बायकांनी बादल्या ओतून चुना धुऊन काढला. भिंत तेराव्यानंतर पाडायची ठरली, पण रणधीरला धीर निघेना. त्यानं पहारीनं मधल्या चार विटा काढल्या, मग आणखी काढल्या, आणि वाकून जाता येईल एवढं भगदाड पडलं तेव्हा थांबला. पलीकडून अमरच्या बायकोनं चहाचा ट्रे त्यातून अलीकडं दिला. शौनकच्या कपाळी अखेर उंबरगव्हाणचा चहा आला.

चहा पिऊन तो उभा राहिला. "नकाशा पुन्हा करावा लागेल," तो म्हणाला. "आता उडवू का? चालेल का सगळ्यांना?"

"उडवा की," रणधीर म्हणाला आणि त्याला पोचवायला वेशीपर्यंत बरोबर निघाला. गल्ली संपल्यावर तो थांबला. मागं कुणी नाही असं बघून म्हणाला, "इंजिनियर साहेब, तुमचा मेसेज सकाळीच वाचला व्हता म्या."

शौनक गर्रकन वळला. "मग मला थांबवलं का नाही?"

"थांबवणारच व्हतो. फोन काढाया खिशात हात घातला, तेवढ्यात सगळी आमच्या दोघांकडं बघाया लागली. मग हात खिशातच ऱ्हायला." रणधीर जमिनीकडं बघत म्हणाला, "आपणहून भावाच्या दारात जायाचं म्हणलं की पाय उचलत न्हाय वो. आई अडलीया म्हणलं की जाता येतंय. तेवढं अमरला सांगू नका. त्यो खरंच धरून बसलाय, आईनंच केलं म्हणून." तो जायला वळला आणि पुन्हा मागं आला. "त्यात फोटो निघत्यात ना वरून? नदीवरचा निघाला असला तर मला पाठवा. गुपचूप."

ड्रोन वर गेल्यावर सगळी पोरं गोळा झाली. त्यांना हाकलून अमरसिंह शौनकच्या शेजारी येऊन उभा राहिला. थोडा वेळ त्यानं पडद्यात बघितलं.

"म्या वर बघितलं व्हतं सकाळी," तो हळूच म्हणाला. "चार पंखाचा कावळा कुठं असतोय व्हय."

शौनक गप्प राहिला. हे त्याला आता जमायला लागलं होतं.

"दादाला बोलू नका. सरपंच असला तरी लई हळवा हाय त्यो. त्याला वाटतंय आईच आली व्हती." अमरनं टॉवेलनं तोंड पुसलं. "आन् आली नसंल कशावरून? बरं, तो नदीवरचा फोटो असंल तर मला धाडा. दादाला नको."

शौनकनं तो एकच फोटो दोघांना पाठवला, आणि दुसऱ्याला पाठवलेला नाही असं दोघांनाही सांगितलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, पण हे त्याच्याकडून फार सहज बोललं गेलं.

नकाशा पुण्याला पोचला तसा देवश्री मॅडमचा फोन आला. "शौनक, त्या दोन घरांमधली रेषाच गेलीय. एक तरी ठेवायची. पुसलीस की काय?"

"नाही मॅडम. त्यांनीच पुसली. तिथं आता हद्द नाहीये."

"तू काय बोललास त्यांच्याशी?"

शौनकनं विचार केला. "वाईट झालं म्हणालो."

"एवढंच?"

"आणि चहा प्यायलो."

देवश्री मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. तुझं कायम झालं समज. पुढच्या महिन्यात भूम तालुक्यातल्या गावांना तुझ्याबरोबर एक नवीन मुलगी देतेय. तिला शिकव."

"ड्रोन?"

"ड्रोन तिला तुझ्यापेक्षा चांगला येतो," त्या म्हणाल्या.

ऊन उतरल्यावर वसंतराव आणि शौनक परत निघाले. खाजाभाईंनी गिरणीच्या पायरीवरून हात केला, तेव्हा शौनकनं गाडी थांबवून त्यांना नमस्कार केला. इयरफोन त्याच्या खिशात होते.

वेस मागं पडल्यावर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही मला दोनदा फोन केलात. पुन्हा का नाही केला?"

वसंतरावांनी मांडीवरची पिशवी सावरली. "वर्गात एखाद्या पोराला गणित सुटत आलं, की मास्तरनं खडू हातात धरून मागं उभं राहायचं असतं. तिथं तर दोन पोरं होती."

मग शौनकनं विचारलं, "कशा होत्या धुरपताबाई?"

"सांगितलं की सकाळी. येताना सगळा रस्ताभर सांगत होतो."

"मला ऐकू आलं नव्हतं."

"माहीत आहे मला."

"मग सांगत का होतात?"

वसंतरावांनी मागूनच त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली. आपल्या पाठीशी हा माणूस किती वर्षं असा बोलत आलाय, याचा शौनकला हिशेब लागेना. त्यानं गाडी हळू केली.

"पुन्हा सांगा ना, बाबा. पहिल्यापासून."

वसंतराव घसा साफ करून सांगायला लागले. धुरपताबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्या घराला अंगणच नव्हतं, नुसता खडक होता, आणि तो त्यांनी स्वतः खणून सपाट केला होता. शौनकनं मान हलवली.

"नुसती मान हलवू नकोस," मागून वसंतराव म्हणाले. "हेल्मेटमध्ये कळत नाही. हूं म्हण."

"हूं," शौनक म्हणाला.